एका वेळेवर चालणारे घर

समुद्राची भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो; त्याला पुन्हा त्याच ठिकाणी डोक्यावर यायला चोवीस तासांहून अधिक काळ लागतो, आणि पाणी त्याच्या मागोमाग चालते. शाळेत शिकलेली ही गोष्ट मला कित्येक वर्षे माहीत होती. तिचा माझ्या घराशी काही संबंध असू शकेल, हे मात्र वेंगुर्ल्याजवळच्या एका किनाऱ्यावर कुटुंबासह तंबू ठोकून राहिलो तेव्हा प्रथम जाणवले. त्या मुक्कामात आम्हा सर्वांची वेळ एक झाली. ती कशी झाली आणि एरवी ती का होत नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. तो येथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नसावा.

पुण्यातील आमचे घर पाच माणसांचे आहे. पत्नी बँकेत नोकरी करते, मी महाविद्यालयात शिकवतो, मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे, आणि माझी आई आमच्याबरोबर राहते. घरात कलह नाही. उणीव म्हणावी असेही फारसे काही नाही. तरीही पाच माणसांची पाच वेळापत्रके आहेत आणि ती एकमेकांना ओझरती भेटतात. मुलगा शाळेच्या बससाठी निघतो तेव्हा मुलगी झोपेत असते. मुलगी शिकवणीहून परतते तेव्हा आईचे जेवण उरकलेले असते. पत्नीच्या बँकेतील मार्चअखेरीला घरातल्या कोणत्याही सणाचे भान नसते. प्रत्येकाची सोय व्हावी म्हणून आम्ही ज्याच्या त्याच्या वेळेला पान वाढू लागलो. हे प्रेमापोटीच केले होते. परंतु अशा सोयी साठत गेल्या की एका छपराखाली राहणारी माणसे हळूहळू शेजारी होतात, आणि त्यात कुणाचाच दोष नसल्यामुळे तक्रार कुठे करावी हेही कळत नाही.

महाशिवरात्रीला जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा मुलांना तंबूत राहायचे होते आणि आईला समुद्र पाहायचा होता. तिचे माहेर राजापूरकडचे. लहानपण खाडीकाठी गेलेले. माडाच्या एका वाडीच्या मालकांनी आपल्या जागेत, सुरूच्या बनाच्या कडेला, राहण्याची परवानगी दिली. ते सत्तरी ओलांडलेले होते आणि उमेदीची सारी वर्षे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीला, जात होते. सर्वजण त्यांना तात्या म्हणत. आम्हीही तसेच म्हणू लागलो.

तंबू कुठे ठोकावा हे विचारताच तात्या आम्हाला वाळूवर घेऊन गेले आणि त्यांनी तीन रेषा दाखवल्या. पहिली ओलसर रेषा त्या सकाळच्या भरतीची होती. तिच्या बरीच वर वाळलेले शेवाळ, शिंपल्यांचा चुरा आणि काटक्या यांची दुसरी रेषा होती. ती गेल्या पौर्णिमेच्या उधाणाची. तिसरी रेषा थेट वाळूच्या उंचवट्याच्या पायथ्याशी, जिथे मर्यादवेलीने वाळू धरून ठेवली होती, तिथे होती. पावसाळ्यातील लाटांनी आणून टाकलेले जाडजूड ओंडके तिथे पडले होते. मुलाने पहिल्या दोन रेषांच्या मधली सपाट जागा दाखवली. तात्या शांतपणे म्हणाले, "हयसर नको, बाबा. परवाच्या उधाणाचा पाणी हयसर येतला." अमावास्या जवळ आली होती. आम्ही तिसऱ्या रेषेच्याही वर, बनाच्या कडेला तंबू ठोकला.

त्या तीन रेषांनी मला प्रथम अंतर्मुख केले. आपल्या घरात काळ भिंतीवर किंवा मनगटावर असतो. तो आकड्यांत सांगितला जातो आणि आकडा पाहणाऱ्याचा एकट्याचा असतो. येथे एक दिवस, एक पंधरवडा आणि एक वर्ष असा तिहेरी काळ वाळूवर लिहिलेला होता, आणि तो सर्वांना एकाच वेळी दिसत होता. कुणी म्हटले म्हणून तो बदलणार नव्हता. पत्नीची सोय, मुलीची झोप, माझे वाचन यांपैकी कशाचाही विचार न करता पाणी त्याच्या वेळेला येणार होते. त्यामुळे आमच्यात कुणी कुणासाठी वेळ काढण्याचा प्रश्न उरला नाही. काढायला कुणाकडे स्वतंत्र वेळ राहिलाच नव्हता.

या नव्या व्यवस्थेत आईचे स्थान अकस्मात बदलले. पुण्यात पंचांग ही तिची खाजगी वस्तू होती; उपवास, चतुर्थी आणि श्राद्धतिथी यांच्यापुरती. येथे तिने मुलांना एक जुना हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. सकाळी जशी, तशी साधारण बारा तासांनी पुन्हा. मुलीने हा हिशेब तपासून पाहायचे ठरवले. वाळूत काठी रोवून ती पाण्याची नोंद ठेवू लागली आणि तिच्या लक्षात आले की पाणी आजीच्या हिशेबाच्या थोडे आधीच पूर्ण चढते. याचे कारणही तिने शोधून काढले. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बराच जुळतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळे वेंगुर्ल्याकडे ती मुंबईच्या आधी पोहोचते. पाण्याची उंचीही तशीच बदलते. मुंबईत मोठ्या उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास चढते, गोव्याकडे जाताना ती सुमारे निम्म्यावर येते. आजीच्या हिशेबात नातीने दुरुस्ती केली आणि आजीने ती आनंदाने स्वीकारली. दोन पिढ्यांमधील इतके सरळ आणि समान पातळीवरचे संभाषण मी आमच्या घरात फार दिवसांनी ऐकत होतो. त्याचे कारण माझ्या मते साधे होते. दोघी एकाच गोष्टीकडे पाहत होत्या आणि त्या गोष्टीवर दोघींचे काहीतरी अवलंबून होते.

तंबूतील जीवनात काम टाळता येत नाही, आणि ते पुढे ढकलताही येत नाही. पाणी वाडीतल्या विहिरीवरून आणावे लागे. ते काम मुलाकडे होते. तो विहिरीवर रेंगाळला की भात थांबे, आणि भात थांबला की सर्वजण थांबत. अंधार पडण्यापूर्वी स्वयंपाक उरकावा लागे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे रात्री जमिनीवरून समुद्राकडे वळतात. ही दिशा ध्यानात ठेवून चुलीचा आडोसा आणि तंबूचे तोंड ठरवावे लागे. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून त्या खोल पुरून वर ओल्या वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागत आणि दोऱ्यांचा ताण संध्याकाळी पुन्हा पाहावा लागे. हे मुलीने अंगावर घेतले होते. शिवरात्रीच्या दिवशी आईचा उपवास होता. त्या दिवशी आम्ही सर्वांनीच वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि निखाऱ्यात भाजलेली रताळी खाल्ली, कारण एका चुलीवर दोन स्वयंपाक करण्याइतका उजेड आणि सरपण नव्हते. त्याच दिवशी उत्तरेला देवगड तालुक्यातील कुणकेश्वराला यात्रा भरली होती. गावोगावच्या देवस्वाऱ्या तिथे येतात आणि अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान करून परततात. एवढा मोठा समुदाय शतकानुशतके तिथीच्या एका खुणेवर एकत्र येतो, हे आईने मुलांना सांगितले, तेव्हा मुलांना ते कथेसारखे वाटले नाही. तीही त्या दिवसांत तिथीवरच जगत होती.

मुलांना पुण्यात आम्ही कामे देत नव्हतो असे नाही. परंतु ती कामे बहुधा शिकवणुकीसाठी योजलेली असत. मुलाने आपले अंथरूण आवरले नाही तर दुसरे कुणीतरी आवरते आणि घर पुढे चालते. हे त्यालाही ठाऊक असते. ज्या कामावाचून काही अडत नाही, ते काम मूल शिक्षा किंवा उपदेश म्हणून करते, आणि मोठे माणूसही त्याहून वेगळे वागत नाही. विहिरीच्या पाण्याची गोष्ट वेगळी होती. कळशी रिकामी असली तर ती खरोखर रिकामी होती. ही गरज आम्ही निर्माण केली नव्हती, म्हणून तिच्यात आमची इच्छा किंवा आमचा अधिकार मुलाला दिसला नाही. त्याला फक्त काम दिसले आणि त्या कामात स्वतःची जागा दिसली. कर्तव्याची जाणीव उपदेशाने येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. ती कशाने येते याचे एक उत्तर मला तिथे मिळाले. आपल्यावाचून कुणाचे तरी खरोखर अडते, हे कळल्यावर ती येते.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर कसे चालते, ते रापणीत पाहायला मिळाले. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात. दोर घाईने ओढून चालत नाही. दोन्ही बाजू समान गतीने आत यायला हव्यात, नाहीतर जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. तरुण, वृद्ध, स्त्रिया, वाटेने जाणारा एखादा, सर्वांचे हात दोराला लागतात. तात्याही गेले. त्यांच्या वयात त्यांच्या ओढीचे बळ कितीसे असणार. पण कुठे थांबायचे आणि कुठे सैल सोडायचे हे त्यांच्या शब्दावर ठरत होते. जाळे बाहेर आल्यावर वाटे घातले गेले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आमच्या मुलांनी दोराला हात लावला होता, म्हणून त्यांच्या हातीही चार बांगडे आले. ते बक्षीस म्हणून दिलेले नव्हते. दोर धरला त्याला मासळी, हा तिथला नेम आहे, आणि नेम पाहुण्यासाठी किंवा मुलासाठी बदलत नाही. मुलाने ते बांगडे ज्या गांभीर्याने तंबूपर्यंत आणले, ते गांभीर्य मी त्याला मिळालेल्या कोणत्याही पदकाच्या वेळी पाहिले नव्हते.

सामायिक वेळेचे दुसरे आणि अधिक कठोर रूप आम्हाला कासवांच्या घरट्यांपाशी दिसले. या किनाऱ्यावर, विशेषतः वायंगणीला, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभरावर अंडी असतात. मादी खड्डा करते, अंडी घालते, वाळू अंगाने चोपून सपाट करते आणि समुद्रात निघून जाते. ती पिल्लांना पाहायला परत येत नाही. कोल्ही, कुत्री आणि माणसे यांपासून अंडी वाचवण्यासाठी ती संरक्षित कुंपणात हलवून तितक्याच खोलीवर पुन्हा पुरली जातात. महाराष्ट्रात या कामाला २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरुवात केली, आणि पुढे वनविभाग व गावकरी यांच्या सहभागाने ते किनारपट्टीवरील अनेक गावांत पसरले. घरटी राखणाऱ्या स्थानिक तरुणांना कासवमित्र म्हणतात. अंडी फुटायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. नेमका दिवस वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्याच उष्णतेवर ठरते. म्हणून घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवतात आणि दिवस भरत आले की ती रोज सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात.

दिवस भरत आलेल्या एका घरट्यापाशी मुलीने कासवमित्राला विचारले, की आज पिल्ले येतील का. तो म्हणाला, "आज येतली काय उद्या, ता कोणाक कळणा नाय. टोपली मातर रोज उचलूकच व्हयी." आम्ही होतो तोवर त्या घरट्यातून पिल्ले आली नाहीत. टोपली उचलली गेली, वाळू तशीच होती, टोपली पुन्हा ठेवली गेली. मुलांना वाईट वाटले. मला मात्र ते न आलेले दृश्य अधिक शिकवून गेले. तो तरुण जे करत होता त्यात फळाची खात्री नव्हती, पिल्लांशी त्याचे नाते नव्हते, आणि त्यातील फार थोडी मोठी होणार हेही त्याला ठाऊक होते. त्याच्याकडे होती ती एक ठरलेली वेळ आणि ती न चुकवण्याची निष्ठा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेली आढळली. पूर्व किनाऱ्यावर कुणीतरी केलेल्या कामाचा धागा असा पश्चिम किनाऱ्यावर दुसऱ्याच कुणाच्या हाती आला. जे आपले नाही आणि ज्याचे पुढे काय झाले हे बहुधा आपल्याला कळणार नाही, त्याच्यासाठी रोज ठरल्या वेळी हजर राहणे, याला मी कर्तव्याचे सर्वात शुद्ध रूप मानतो. रात्री तंबूबाहेरचे दिवे समुद्राच्या बाजूने झाकून ठेवावेत, अशी सूचना त्या तरुणाने आम्हाला केली होती. उजेडाच्या दिशेने वळणारी पिल्ले वाट चुकतात. ती सूचना माझ्या मुलाने शेवटच्या रात्रीपर्यंत पाळली आणि आमच्याकडून पाळून घेतली.

याच मुक्कामात एका रात्री मला जाणवले की आमचे घर पूर्वीही एकदा असे एका वेळेवर चालले होते. माझे वडील अखेरच्या आजारात दीर्घकाळ अंथरुणाला खिळले होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. औषधांच्या वेळा ठरलेल्या होत्या. रात्रीची जागरणे पत्नीने, आईने आणि मी वाटून घेतली होती. मुलगी लहान होती, तरी संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्रातील मथळे वाचून दाखवण्याचे काम तिचे होते आणि ते वाट पाहत असत. त्या काळात आम्ही थकलो होतो, चिंतेत होतो, क्वचित एकमेकांवर चिडतही होतो. परंतु आमच्यातील प्रत्येकाला दुसरा या क्षणी काय करत आहे हे ठाऊक असे. ते गेल्यानंतर औषधांची टेबलावरील रांग उचलली गेली आणि तिच्याबरोबर ती एकत्र बांधलेली वेळही सुटली. त्यांच्या जाण्याच्या दुःखात या दुसऱ्या हानीचेही दुःख मिसळलेले होते, असे आज वाटते. समुद्राकाठी भरतीची वाट पाहताना जी एकजूट मी अनुभवत होतो, तिची ओळख मला आजारपणाने आधीच करून दिली होती.

येथे हा विचार अवघड वळण घेतो. दुःख घराला एका वेळेवर आणते, हे बहुतेक वाचकांनी अनुभवले असेल. पूर आला, कुणाला अपघात झाला, घरातील कुणी अंथरुणाला खिळले, की विखुरलेली माणसे एकत्र येतात आणि आपापली कामे न सांगता ओळखतात. संकट ओसरले की ती पुन्हा विखुरतात, आणि आपण त्यालाच आयुष्य पूर्वपदावर येणे म्हणतो. मग असे म्हणायचे का, की कुटुंब हे संकटासाठीच असते आणि सुखाच्या दिवसांत त्याचे काही प्रयोजन नसते? माझे मन हे मान्य करत नाही. तंबूतील दिवस सुखाचे होते. त्यांत भय नव्हते, आजार नव्हता. तरीही आम्ही एकत्र आलो, कारण दुःखाच्या आणि त्या दिवसांच्या मुळाशी एक समान गोष्ट होती. दोन्हींत आमच्या इच्छेबाहेरची एक गरज होती आणि ती भागवायला प्रत्येक हात लागत होता. माणसांना जोडणारी शक्ती दुःखात नाही, गरजेत आहे. दुःखात ती केवळ अधिक स्पष्ट दिसते.

अर्थात वेळ सामायिक असणे हे स्वतःच हितकारक असते असे नाही. ती कुणी ठरवली आणि कुणासाठी, हेही पाहावे लागते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईने तिला दीर्घकाळ विरोध केला. शहराची स्थानिक वेळ नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. घड्याळ पुढे केल्याने आपल्याला अधिक लवकर कामावर जावे लागणार, या जाणिवेने गिरणी कामगारही त्या विरोधात उतरले होते. मुंबईची जुनी वेळ काही व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून राहिली. प्रमाणवेळ सर्वांची होती, पण ती सर्वांनी मिळून पेललेल्या गरजेतून आलेली नव्हती. म्हणून लोकांना ती परकी वाटली. आज आमच्या घरातील पाचही वेळापत्रके त्याच प्रमाणवेळेवर चालतात आणि तरीही एकमेकांना भेटत नाहीत. एकाच घड्याळाकडे पाहणे आणि एका वेळेत जगणे यांत असे मोठे अंतर आहे.

समुद्राची वेळ तिथल्या माणसांना किती महाग पडते, हेही विसरून चालणार नाही. आम्ही हौसेने चार दिवस तिच्या अधीन राहिलो. तात्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जन्मभर तिची सत्ता सोसली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू करतो. मधल्या काळात घर कसे चालवायचे हा त्याचा प्रश्न असतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा माड, आंब्याच्या बागा, घरे आणि होड्या यांची अपरिमित हानी झाली. रापणीवर आणखी एक संकट यंत्रशक्तीने आणले आहे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका थव्याच्या थव्याने मासळी उचलू लागल्या, तसे किनाऱ्यावरच्या दोराला लागणारे मासे आणि त्या दोराला लागणारे हातही कमी होत गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने या मासेमारीवर निर्बंध घातले, परंतु पारंपरिक मच्छीमारांची चिंता संपलेली नाही. तात्यांचे दोन्ही मुलगे गोव्यात नोकरीला आहेत. रापणीच्या दिवशी दोर धरायला पूर्वीइतकी माणसे येत नाहीत, हे सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मुले सुस्थितीत आहेत याचे समाधान होते आणि दोर जड झाला आहे याची नोंद होती. ज्या विखुरण्याची खंत घेऊन मी तिथे गेलो होतो, ते विखुरणे त्यांच्या अंगणातही पोहोचले होते. म्हणून या किनाऱ्याला आदर्श ठरवून शहराला दोष देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

मग घरी परतल्यावर करण्याजोगे काय उरते? समुद्र पुण्याला आणता येत नाही, आणि वर्षातून एकदा तंबूत राहिल्याने उरलेले वर्ष बदलत नाही. आम्ही दोन लहान गोष्टी केल्या. आईला काचबिंदू आहे. तिच्या डोळ्यांत रोज रात्री ठरलेल्या वेळी औषधाचे थेंब घालावे लागतात, आणि ते वारंवार चुकले तर गेलेली दृष्टी परत येत नाही. हे काम मी करत असे. आता ते मुलाकडे आहे. त्याने ते विसरू नये म्हणून मी आठवण करत नाही. आई स्वतः त्याची वाट पाहत बसते, आणि तो येतो. दुसरी गोष्ट आईची. तिला विश्रांती मिळावी म्हणून आम्ही तिला स्वयंपाकघरातून मुक्त केले होते. त्या मुक्तीने तिच्यावाचून कुणाचे काहीच अडेनासे झाले होते. रात्रीचा स्वयंपाक आता तिच्या देखरेखीखाली होतो, आणि सर्व आल्याशिवाय पाने मांडायची नाहीत हा नियम तिचा आहे. त्यामुळे गैरसोय होते. पत्नीला बँकेतून निघताना घाई करावी लागते, मुलीला शिकवणीची वेळ बदलून घ्यावी लागली, आणि काही रात्री भूक लागूनही थांबावे लागते. ही गैरसोय आम्ही जाणूनबुजून स्वीकारली आहे.

प्रेमाने माणसाला कामातून सोडवावे, असे आपल्या पिढीला वाटत आले. मुलांना अभ्यासासाठी मोकळे ठेवले, वृद्धांना विश्रांतीसाठी मोकळे ठेवले, आणि दोघांनाही एकटे केले. कष्टांचा भार कमी करणे योग्यच आहे. पण भार काढता काढता माणसाची गरजही काढून टाकली, तर त्याच्यासाठी घरात फक्त जागा उरते, स्थान उरत नाही. म्हणून कुटुंबासाठी अधिक वेळ कुठून काढावा, या प्रश्नाआधी आपण आपल्याला दुसरा प्रश्न विचारावा, असे मी नम्रपणे सुचवेन. आपल्या घरात मुलावाचून नेमके काय अडते, आणि वृद्ध माणसावाचून नेमके काय अडते? उत्तर काहीच नाही असे आले, तर पुढच्या सुट्टीचा बेत थोडा बाजूला ठेवून ते उत्तर बदलण्याचे काम आधी हाती घ्यावे लागेल. ते बदलेपर्यंत काढलेला वेळ कितीही असला, तरी तो पाच जणांचा पाच ठिकाणी खर्च होत राहील.